पोटातील विद्युतयंत्र आणि विश्वस्तनिधीचा हिशेब

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराच्या कामकाजाचा आढावा चिटणीसांनी आपणांपुढे मांडलाच आहे. जमाखर्चाची पत्रके अहवालाच्या अखेरच्या पानांत दिली आहेत. दरवर्षी माझ्या वाट्याला येणारा वेळ मी आकडे वाचून दाखविण्यात घालवितो आणि आपण तो मोठ्या सहनशीलतेने सोसता. यंदा अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने मी एकाच विषयावर बोलणार आहे. स्थूलतेवर उपाय म्हणून शरीरात बसविल्या जाणाऱ्या विद्युतयंत्रांचा हा विषय आहे. मी डॉक्टर नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. म्हणून भाषणातील वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे. हिशेबाचा भाग मात्र माझा स्वतःचा आहे.

हा विषय निवडण्यास दोन भेटी कारणीभूत ठरल्या. गेल्या वर्षी श्रावणाच्या सुमारास टेंभीपाड्यातील एक दांपत्य आपल्या तरुण मुलाला घेऊन माझ्या खोलीत आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलून सांगतो. मुलाचे वय सत्तावीस, वजन एकशे बेचाळीस किलो. लोकलच्या गर्दीत चढता येत नाही आणि डब्यात लोक हसतात, या कारणाने त्याने नोकरी सोडली होती. माझ्यासमोरच्या खुर्चीत तो बसला नाही. खुर्ची मोडेल या भीतीने तो दाराशी उभाच राहिला. वडिलांनी भ्रमणध्वनीवर जपून ठेवलेली एक जुनी बातमी मला दाखविली. पोटात यंत्र बसविले की भूक कमी होते, असा त्या बातमीचा आशय होता. वडील म्हणाले, "साहेब, गावची जमीन काढतो विकायला. पण पोराला हे मशीन बसवून द्या." आई काही बोलली नाही. ती मुलाकडे पाहत होती.

त्याच महिन्यात आमचे एक जुने देणगीदार भेटीस आले. त्यांच्या पत्नी स्थूलता व मधुमेह यांनी दीर्घकाळ आजारी राहून निवर्तल्या होत्या. पत्नीच्या स्मरणार्थ मोठी रक्कम देऊन स्थूलतेवरील अत्याधुनिक यंत्रोपचाराचे केंद्र भांडुपमध्ये उभे करावे, असा त्यांचा मानस होता. एकीकडे जमीन विकण्यास निघालेला बाप, दुसरीकडे मोकळ्या हाताने देऊ पाहणारा दाता. दोघांची मागणी एकच होती आणि दोघांनाही मी तत्काळ होकार दिला नाही. तो का दिला नाही, याचा खुलासा करणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी प्रयोगशाळेसाठी एक महागडे तपासणी यंत्र देणगीत मिळाले. मी ते आनंदाने स्वीकारले, नारळ फोडला, छायाचित्रे काढली. त्या यंत्रास लागणारी रसायने एकाच पुरवठादाराकडून मिळत होती, याची चौकशी मी केली नव्हती. काही महिन्यांतच त्या पुरवठादाराने मुंबईतील कामकाज आवरले आणि यंत्र बंद पडले. पुढे दात्यांचे कुटुंबीय ते पाहावयास आले, तेव्हा तळघरात आच्छादनाखाली ठेवलेले यंत्र दाखविताना मला मान वर करता आली नाही. त्या दिवसापासून कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारतो. हे विकणारा उद्या राहिला नाही, तर पुढे काय? तळघरातील यंत्र निदान भंगारात काढता येते. माणसाच्या पोटातील यंत्राचे तसे नसते.

आता मूळ विषयाकडे येतो. स्थूलता हा आळशीपणाचा परिणाम आहे, जिभेवर ताबा नसल्याची शिक्षा आहे, अशी समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. ती खरी नाही. याचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातूनच जगापुढे आला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. उंचीच्या तुलनेत वजन दर्शविणारा बीएमआय हा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. वरवर पाहता दोघेही सडपातळ. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण इंग्रज डॉक्टरांत ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांत २१.२ टक्के निघाले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, कमी वजनाच्या भारतीय बालकांतही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते आणि त्याची मुळे मातेच्या पोषणापर्यंत पोहोचतात. म्हणजे माणसाने पहिला घास घेण्यापूर्वीच त्याच्या प्रकृतीचे खाते उघडलेले असते.

आपल्या परिसराचे जीवनही पालटले आहे. एके काळी भांडुपमध्ये सीएट, जीकेडब्ल्यू यांसारख्या कारखान्यांत अंगमेहनत करणारी माणसे राहत. त्यांची मुले आज खुर्चीवर बसून काम करतात, दोन वेळा लोकलमध्ये लोंबकळतात आणि वाटेत मिळेल ते खातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनाचे वा स्थूल आढळले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. तेव्हा त्या दांपत्याची आर्तता हे एका घरापुरते दुःख नव्हते.

मग हे विद्युतयंत्र काय आहे? हृदयाचा पेसमेकर आपणांस ठाऊक आहे. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या गृहस्थांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविण्यात आला. तो काही तासांतच बंद पडला. तरीही लार्सन २००१ पर्यंत जगले, पण त्यासाठी त्यांच्या शरीरात एकूण सव्वीस पेसमेकर बसवावे लागले. शरीरातील यंत्र हा एकदाच होणारा खर्च नसतो, हे त्यांच्या उदाहरणाने चांगले कळते.

हृदयास विजेच्या सौम्य स्पंदनांनी वळण लावता येते, तर जठरास का नाही, असा विचार इटलीतील व्हेनिसजवळच्या मेस्त्रे येथील शल्यविशारद व्हॅलेरिओ चिगाइना यांनी केला. आधी डुकरांवर प्रयोग करून १९९५ मध्ये त्यांनी माणसांच्या जठराच्या भिंतीत विद्युत्तारा बसविल्या. तारांना वीज पुरविणारी, आगपेटीसारखी छोटी डबी पोटाच्या त्वचेखाली ठेवली जाई. आतडे कापावयाचे नाही, जठर लहान करावयाचे नाही, नको असल्यास यंत्र काढून घेता येते, हे या पद्धतीचे आकर्षण होते. प्रारंभीच्या काही रुग्णांचे वजन उतरलेही. बातम्या पसरल्या, कंपन्या पुढे आल्या.

येथून पुढे मी हिशेबनिसाच्या भाषेत बोलतो. जमेची बाजू पाहून कोणी ताळेबंदावर सही करीत नाही, समोरची बाजूही पाहावी लागते. वैद्यकीय संशोधनात ही समोरची बाजू म्हणजे तुलनेसाठी निवडलेला दुसरा गट होय. अमेरिकेत 'शेप' या नावाने ओळखली गेलेली चाचणी अशा तुलनेची होती. तीत १९० रुग्णांच्या जठरात यंत्र बसविले. मात्र चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून काहींचे यंत्र चालू केले आणि उरलेल्यांचे बंदच ठेवले. कोणाचे चालू व कोणाचे बंद, हे रुग्णासही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांसही नव्हते. आहाराचा सल्ला सर्वांना सारखाच मिळाला. वर्षानंतर यंत्र चालू असलेल्यांचे जादा वजन सरासरी ११.८ टक्क्यांनी घटले. यंत्र बंद असलेल्यांचे घटले ११.७ टक्क्यांनी.

या टक्केवारीचा अर्थ घरगुती भाषेत सांगतो. एखाद्याचे वजन १२० किलो आहे आणि उंचीच्या मानाने ते ७० किलो असावे, असे समजा. त्याचे जादा वजन झाले ५० किलो. यंत्र चालू असेल तर वर्षात घटले ५ किलो ९०० ग्रॅम, बंद असेल तर ५ किलो ८५० ग्रॅम. शस्त्रक्रिया, भूल, पोटातील तारा आणि लाखोंचा खर्च यांच्या मोबदल्यात पन्नास ग्रॅमचा फरक! हे यंत्र तयार करणारी ट्रान्सन्यूरॉनिक्स ही कंपनी मेडट्रॉनिक या मोठ्या कंपनीने २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चाचणीचा हा निष्कर्ष जाहीर झाला. जगातील जाणत्या उद्योगसमूहासही समोरची बाजू दिसण्यापूर्वी पैसे मोजण्याचा मोह आवरला नाही, तर आपल्यासारख्यांनी किती जपावे?

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. यंत्र बंद असलेल्या रुग्णांचेही वजन घटले. का घटले? कोणीतरी त्यांना नियमित बोलावीत होते, वजन करीत होते, काय खाल्ले ते आपुलकीने विचारीत होते, शिवाय आपल्यावर उपचार चालू आहेत, ही आशा त्यांच्या मनात होती. या मुद्द्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

दुसरा मार्ग मज्जातंतूचा होता. मेंदूपासून जठरापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू आहे. पोट भरल्याची वर्दी मेंदूस देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. एन्टेरोमेडिक्स या अमेरिकन कंपनीने या मज्जातंतूच्या दोन शाखांवर तारा बसवून, दिवसातील बराच काळ त्यांतील संदेश विजेच्या साह्याने अडविण्याचे यंत्र तयार केले. त्याचे नाव व्हीब्लॉक. रुग्णाने पोटावर बाहेरून उपकरण धरून ते नियमितपणे चार्ज करावयाचे. पहिल्या मोठ्या चाचणीत २९४ रुग्ण होते. जादा वजनातील घट एका गटात १७ टक्के आणि दुसऱ्या गटात १६ टक्के आढळली. म्हणजे पुन्हा तेच. तुलनेच्या गटातील यंत्रही तारांच्या तपासणीपुरती अल्प वीज सोडीत होते, तिचाच काही परिणाम झाला असावा, अशी शंका संशोधकांना आली. म्हणून त्यांनी पुन्हा चाचणी घेतली आणि या वेळी तुलनेच्या गटात मज्जातंतूला तार न जोडता केवळ त्वचेखाली डबी ठेवली. या २३९ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. खऱ्या यंत्राने जादा वजनात २४.४ टक्के घट झाली, नुसत्या डबीने १५.९ टक्के.

या वेळी फरक खरा होता, हे मान्य केले पाहिजे. आपल्या १२० किलोंच्या गृहस्थांच्या भाषेत तो सव्वाचार किलोंचा फरक होय. गंभीर दुष्परिणामही अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी आढळले. मात्र किमान दहा टक्क्यांचे अंतर पडले पाहिजे, अशी जी मर्यादा संशोधकांनी स्वतःच आधी ठरवून दिली होती, ती गाठता आली नाही. अमेरिकन अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागारांचे परिणामकारकतेविषयी एकमत झाले नाही. तथापि धोक्यापेक्षा लाभ अधिक, असे बहुमताने ठरून जानेवारी २०१५ मध्ये या यंत्रास मान्यता मिळाली. बीएमआय ४० ते ४५ असलेल्यांसाठी, किंवा ३५ च्या वर असून स्थूलतेशी निगडित अन्य आजार असलेल्यांसाठी, आणि तेही देखरेखीखालील आहार-व्यायामाने गुण न आलेल्यांसाठीच ही मान्यता होती. ज्यांची एमआरआय तपासणी करावयाची आहे, त्यांना ते यंत्र वर्ज्य होते.

पुढे काय झाले? यंत्रास ग्राहक मिळाले नाहीत. २०१७ मध्ये कंपनीने अन्य कंपन्या विकत घेऊन स्वतःचे नाव बदलले, वजन घटविण्याची वेगळी उत्पादने विकावयास घेतली आणि पुढे व्हीब्लॉकची विक्री थांबली. त्या टेंभीपाड्याच्या वडिलांनी जपून ठेवलेली बातमी याच यंत्राच्या मान्यतेची होती. मान्यता मिळाल्याची बातमी होते, विक्री थांबल्याची होत नाही. गरीब माणसाच्या हाती मात्र पहिली बातमी वर्षानुवर्षे राहते.

असे अन्य क्षेत्रांतही घडले आहे. अंधांसाठी डोळ्याच्या पडद्यावर विद्युतयंत्र बसविणाऱ्या सेकंड साइट या अमेरिकन कंपनीने ते यंत्र बनविणे थांबविले आणि २०२० मध्ये ती डबघाईस आली. ज्यांच्या डोळ्यांत ते यंत्र बसविलेले होते, त्यांना दुरुस्तीसाठी दाद मागावयास कोणी उरले नाही. तळघरातील त्या यंत्राची मला पुन्हा आठवण झाली.

मेंदूत तारा बसवून भूक आवरण्याचेही प्रयोग झाले आहेत. कॅनडातील टोरांटो येथे एका अतिस्थूल रुग्णाच्या मेंदूतील भूक नियंत्रित करणाऱ्या भागास विजेची स्पंदने दिली, तेव्हा त्यास वर्षांपूर्वीचे प्रसंग डोळ्यांसमोर स्पष्ट दिसू लागले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून पुढे स्मृतिभ्रंशावरील संशोधनास चालना मिळाली. अनावर खाण्याच्या विकारासाठी अमेरिकेत झालेला एक अलीकडचा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोनच रुग्ण होते. संशोधन असेच पायरी-पायरीने पुढे जाते. त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. उद्या यातूनच एखादा उपयुक्त उपचार निघू शकेल. परंतु प्रयोग आणि उपचार या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची खाती वेगळीच राहिली पाहिजेत.

येथे उपस्थित कुटुंबीयांना मी हात जोडून एक गोष्ट सांगतो. प्रयोगात सहभागी होणाऱ्या रुग्णाने त्या प्रयोगाचे पैसे भरावयाचे नसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे हे स्पष्टपणे सांगतात. केंद्र शासनाच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार नव्या उपकरणाच्या चाचणीस शासनाची परवानगी व नीतिसमितीची संमती लागते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. देशात होणाऱ्या चाचण्यांची नोंद करणारी राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून अस्तित्वात आहे आणि ती संगणकावर कोणासही विनामूल्य पाहता येते. म्हणून कोणी आपणांस म्हणाले की, "नवे यंत्र आहे, अजून प्रयोग चालू आहे, इतके लाख भरा," तर तेथेच थांबा. प्रयोग असेल तर आपले पैसे कशासाठी? आणि उपचार असेल तर समोरच्या बाजूचे आकडे कोठे आहेत? एवढे दोन प्रश्न विचारा. ते विचारण्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

विश्वस्तांसाठीही माझे काही प्रश्न आहेत. न्यासाचा पैसा हा आपला नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार आम्ही एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवतो. ज्या कुटुंबाची सारी पुंजी एका आजारात संपते, ते पुढे याच निधीच्या दारात येते. तेव्हा कोणतेही यंत्रोपचार केंद्र उघडण्यापूर्वी पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत, असा ठराव मी मंडळापुढे मांडला आणि तो संमत झाला. यंत्र बंद ठेवलेल्या रुग्णांच्या तुलनेत किती लाभ झाला? तो किती वर्षे टिकला? बॅटरी वा तार बिघडल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार? कंपनी बंद पडल्यास रुग्णाने कोणाकडे जावे? आणि याच रकमेत अधिक रुग्णांना अधिक लाभ देणारे दुसरे काही आहे काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या मुलानेच दिले होते, माझ्या खोलीत न बसता उभे राहून. त्या दिवशी आमच्या बाह्यरुग्ण विभागातील काटा त्याचे वजन दाखवू शकला नव्हता. रक्तदाब मोजण्याचा पट्टा त्याच्या दंडास अपुरा पडला होता. डॉक्टरांनी मला सांगितले की, जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच वाढलेला दिसतो. म्हणजे भूक आवरणारे यंत्र विकत घेण्याच्या गोष्टी करणाऱ्या आमच्या रुग्णालयात, स्थूल माणसास बसण्यास खुर्ची नव्हती आणि त्याचे वजन करण्यास काटा नव्हता. ही उणीव माझ्या कारभारातील होती आणि ती मी आपणांसमोर मान्य करतो.

देणगीदार सद्गृहस्थांना मी पुन्हा भेटलो. वर सांगितलेला हिशेब त्यांच्यापुढे मांडला. ते पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या सौभाग्यवतींना दवाखान्यात जायचीच लाज वाटायची. त्या उशिरा गेल्या." त्यानंतर त्यांनी देणगीचे प्रयोजन बदलण्यास संमती दिली. त्या रकमेतून तीनशे किलोंपर्यंतचा काटा, भक्कम खुर्च्या व खाटा, रुंद चाकांच्या खुर्च्या, मोठ्या मापाचे रक्तदाबाचे पट्टे यांची खरेदी झाली. एका आहारतज्ज्ञ भगिनींचे तीन वर्षांचे वेतन बाजूला काढून ठेवले आहे. दर शनिवारी दुपारी स्थूलतेचा बाह्यरुग्ण विभाग चालतो. तेथे वजनाचा आकडा मोठ्याने उच्चारावयाचा नाही, असा नियम आमच्या परिचारिकांनी स्वतः घालून घेतला आहे. या विभागास कोणाचेही नाव देऊ नये, ही दात्यांचीच इच्छा.

सिद्ध झालेले उपचार आज उपलब्ध आहेत, हेही सांगितले पाहिजे. जठर लहान करण्याची वा आतड्याचा मार्ग वळविण्याची शस्त्रक्रिया योग्य रुग्णांत या यंत्रांहून कितीतरी अधिक परिणाम साधते. तिचेही धोके आहेत आणि आयुष्यभराची पथ्ये आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने आपल्या देशात आली. भूक कमी करण्याचे जे काम विजेने साधले नाही, ते या औषधांनी पुष्कळ अंशी साधले आहे. मात्र ती थांबविल्यावर वजन पुन्हा वाढते, असा अनुभव आहे. म्हणून त्यांच्याही बाबतीत आमचे डॉक्टर त्याच प्रश्नांची उत्तरे मागतात. आमच्याकडे मोठ्या शस्त्रक्रियेची सोय नाही. ज्यांना तिची गरज आहे, त्यांना कागदपत्रांसह योग्य ठिकाणी पाठविणे आणि परत आल्यावर त्यांची देखरेख करणे, एवढे काम आम्ही पत्करले आहे.

त्या मुलाविषयी आपणांस उत्सुकता असेल. त्याच्या तपासण्या झाल्या. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार त्यास होता, तो ध्यानी आला व त्यावर उपचार सुरू झाले. वर्षभरात त्याचे वजन अकरा किलोंनी उतरले आहे. हा चमत्कार नव्हे आणि पुढचा मार्ग लांबचा आहे. शस्त्रक्रिया करावी की कसे, याचा विचार तो, त्याचे आईवडील आणि डॉक्टर मिळून करीत आहेत. शनिवारी येतो तेव्हा तो खुर्चीत बसतो. गावची जमीन अद्याप त्यांच्याच नावावर आहे.

मघाशी मी म्हणालो होतो की, यंत्र बंद असलेल्या रुग्णांचेही वजन घटले, त्या मुद्द्याकडे मी परत येईन. लाखो रुपयांच्या त्या चाचण्यांनी जाता-जाता हे दाखवून दिले की, नियमित विचारपूस, योग्य सल्ला आणि धीर यांचेही मोल मोजता येते, आणि ते शून्य नाही. एवढ्याने तीव्र स्थूलता बरी होत नाही, हेही त्याच आकड्यांनी सांगितले. पण भांडुपसारख्या उपनगरातील मध्यम आकाराच्या धर्मादाय रुग्णालयास आजपासून करता येण्याजोगे काम ते हेच आहे. आपली देणगी या कामी लागली आहे. त्याचा पै-पैचा हिशेब अहवालाच्या अखेरच्या पानांत आहे. आपण तो तपासावा, शंका असल्यास मला विचारावे आणि माझ्या खोलीत येऊन बसावे. खुर्च्या आता भक्कम आहेत.